हातगुण, विश्वास आणि सुया

प्रश्न : स. न. वि. वि. मी ४४ वर्षांची असून कोल्हापुरात राजारामपुरीत राहते आणि एका पतसंस्थेत नोकरी करते. गेली बारा वर्षे मला अर्धशिशीचा त्रास आहे. महिन्यातून सात-आठ दिवस डोके धरते व त्यांतले दोन-तीन दिवस अंथरुणातच जातात. तेवढ्यापुरती वेदनाशामक गोळी घेते. दोन वर्षांपासून रक्तदाबाची गोळीही चालू आहे. माझ्या जाऊबाईंचे गुडघे श्रावणात इतके धरले होते, की त्यांना जिना चढवेना. त्यांना आपल्याच शहरातल्या एका ॲक्युपंक्चर तज्ज्ञांकडे सहा सिटिंगमध्ये चांगला गुण आला. आता त्या रोज रंकाळ्यावर फिरायला जातात आणि सांगितलेले व्यायामही करतात. त्यांचे पाहून नवरात्राच्या तोंडावर मीही तेथे जाऊ लागले. दीड महिन्यात चार सिटिंग झाल्या, पण काहीच फरक नाही. तज्ज्ञ म्हणतात, ‘तुमचा विश्वास नाही, म्हणून गुण येत नाही.’ जाऊबाई म्हणतात, ‘त्यांच्या हाताला गुण आहे, तुझ्याच प्रकृतीत काही खोट असेल.’ यजमान म्हणतात, ‘सगळे थोतांड आहे.’ मावसभावाने मलेशियाहून डोकेदुखीवरच्या चिनी चूर्णाच्या पुड्या आणून दिल्या आहेत, पण त्यांच्यावरचा सगळा मजकूर चिनी अक्षरांत आहे. एकच उपचार एकीला लागू पडतो आणि दुसरीला नाही, हे कशावर अवलंबून असते? मी पुढे जावे की थांबावे? आणि त्या पुड्या घ्याव्यात का?

उत्तर : आपल्या पत्रातले सर्वांत मोठे दुखणे अर्धशिशीचे नसून ‘तुमचा विश्वास नाही’ या वाक्याचे आहे, असे ते वाचताना मला वाटले, म्हणून उत्तराची सुरुवात तेथूनच करतो. रुग्णाच्या मनातल्या अपेक्षेचा उपचाराच्या परिणामाशी संबंध असतो, हे खरे आहे. परंतु ती अपेक्षा निर्माण करणे आणि टिकवणे हा उपचार करणाऱ्याच्या कामाचाच भाग असतो. गुण आला की तो हाताचा आणि नाही आला की दोष रुग्णाच्या मनाचा, असा हिशेब मांडला तर उपचार कधी चुकूच शकत नाही, आणि जो उपचार चुकूच शकत नाही त्याची पारखही करता येत नाही. तेव्हा आपल्या विश्वासात काही उणे आहे ही बोचणी आधी मनातून काढून टाकावी. दीड महिन्यात चार वेळा जाऊन सुया टोचून घेणाऱ्या बाईला अविश्वासू म्हणणे मला तरी पटत नाही.

आता जाऊबाईंशी तुलना. त्यांचे दुखणे आणि आपले दुखणे या दोन वेगळ्या जाती आहेत. गुडघ्याच्या झिजेचे दुखणे भरती-ओहोटीसारखे कमी-जास्त होते आणि माणूस उपचाराला जातो तो बहुधा भरतीच्या वेळी. श्रावणातल्या दमट हवेत त्यांचे दुखणे शिगेला पोचले असताना त्या गेल्या. तेथून ते थोडे तरी उतरणारच होते. त्यात रोजचे चालणे आणि मांडीच्या स्नायूंचे व्यायाम यांची भर पडली, आणि गुडघ्यासाठी या दोन्हींचा उपयोग निर्विवाद आहे. सुयांचा वाटा शून्य होता असे मी म्हणत नाही, पण सहा सिटिंगचे सगळे श्रेय सुयांना देता येणार नाही. गंमत अशी, की ब्रिटनमधील वैद्यकीय मार्गदर्शक सूचना काढणाऱ्या सरकारी संस्थेने २०२२ साली सांध्यांच्या झिजेसाठी ॲक्युपंक्चर देऊ नये असे म्हटले, तर त्याच संस्थेने २०१२ मध्ये अर्धशिशीसाठी, प्रतिबंधक औषधे चालत नसतील किंवा लागू पडत नसतील तर, ॲक्युपंक्चरचा विचार करावा असे सुचवले होते. म्हणजे कागदावर पाहिले तर दोघींपैकी सुयांचा अधिकार आपलाच जास्त ठरतो!

अर्धशिशीबाबतचे पुरावे काय सांगतात, तेही पाहू. या विषयावरच्या चाचण्यांचा एकत्रित आढावा २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात नेहमीची काळजी घेणाऱ्या किंवा फक्त झटका आल्यावर गोळी घेणाऱ्या १०० रुग्णांपैकी १७ जणांची डोकेदुखी निम्म्यावर आली, तर ॲक्युपंक्चर घेणाऱ्या १०० पैकी ४१ जणांची आली. हा फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही. मात्र दुसऱ्या काही चाचण्यांत खऱ्या सुयांची तुलना लटक्या सुयांशी, म्हणजे चुकीच्या जागी किंवा अगदी वरवर टोचलेल्या सुयांशी केली होती. तेथे खऱ्या सुयांनी १०० पैकी ५० जणांना, तर लटक्या सुयांनी ४१ जणांना तेवढाच आराम पडला. याचा अर्थ आपल्या यजमानांचे ‘थोतांड’ही बरोबर नाही आणि नेमक्या बिंदूतच सगळी जादू आहे हेही बरोबर नाही. नेमक्या जागेचा वाटा थोडा आहे. बराचसा वाटा सुईच्या आजूबाजूला जे काही घडते त्याचा आहे.

हे ‘आजूबाजूचे’ म्हणजेच आपल्याकडे ज्याला हातगुण म्हणतात ते, असे मला अनेक वर्षांपासून वाटत आले आहे. अमेरिकेत २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आतड्याच्या चिवट तक्रारी असलेल्या २६२ रुग्णांचे तीन गट केले होते. पहिला गट नुसता प्रतीक्षा यादीवर होता. दुसऱ्या गटाला लटक्या सुया मिळाल्या, पण उपचार करणारा मोजकेच बोलत असे. तिसऱ्या गटाला त्याच लटक्या सुया मिळाल्या, मात्र उपचार करणाऱ्याने पहिल्या भेटीत पाऊण तास आस्थेने विचारपूस केली, ऐकून घेतले आणि धीर दिला. तीन आठवड्यांनी पुरेसा आराम पडला असे सांगणारे पहिल्या गटात २८ टक्के, दुसऱ्यात ४४ टक्के आणि तिसऱ्यात ६२ टक्के निघाले. सुया दोन्हीकडे खोट्याच होत्या, पण बोलणे बदलले आणि उतार बदलला. जर्मनीतील कंबरदुखीच्या मोठ्या चाचणीतही (२००७, रुग्ण १,१६२) खऱ्या सुयांचा गुण ४७.६ टक्के, लटक्या सुयांचा ४४.२ टक्के आणि व्यायाम-गोळ्या अशा नेहमीच्या उपचारांचा २७.४ टक्के आला होता. जुनाट वेदनांच्या ८६४ रुग्णांच्या आणखी एका जर्मन अभ्यासात, सुरुवातीपासून चांगल्या परिणामाची अपेक्षा ठेवणाऱ्यांना अधिक आराम पडलेला दिसला. याउलट तज्ज्ञाने किती वर्षे उपचार केले आहेत किंवा तो कोणत्या घराण्याच्या पद्धतीने सुया लावतो, याचा परिणामाशी विशेष संबंध आढळलेला नाही.

यावरून आपल्या तज्ज्ञांच्या वाक्याकडे पुन्हा पाहावे. ‘तुमचा विश्वास नाही’ असे ऐकून कोणत्या रुग्णाची अपेक्षा उंचावेल? ते वाक्य स्वतःच उपचाराच्या विरोधात काम करते. पहिल्या भेटीत त्यांनी आपल्याला किती वेळ दिला, डोके कोणत्या बाजूला धरते, उजेड सहन होतो का, पाळीच्या आधी वाढते का, झोप कशी आहे, हे विचारले का, हे आपण पत्रात लिहिलेले नाही. पण आठवून पाहावे. माझा अंदाज असा, की जाऊबाईंशी ते बरेच अधिक बोलले असावेत. गुडघा दाखवायला सोपा असतो, डोकेदुखी सांगायला वेळ लागतो.

दुसरी गोष्ट मात्रेची. आपण दीड महिन्यात चार सिटिंग घेतल्या. वर सांगितलेल्या कंबरदुखीच्या जर्मन चाचणीत अर्ध्या-अर्ध्या तासाच्या दहा सिटिंग, साधारण आठवड्यातून दोन, अशी पद्धत होती आणि अर्धवट गुण आलेल्यांना आणखी पाच दिल्या गेल्या. ब्रिटनमधील सूचनेतही पाच ते आठ आठवड्यांत दहापर्यंत सिटिंग असे म्हटले आहे. जुनाट वेदनांच्या अनेक चाचण्या एकत्र करून पाहिल्या तेव्हा ज्यांना जास्त सिटिंग मिळाल्या त्यांना अधिक फायदा झाल्याचे दिसले होते. तेव्हा चार सिटिंगवरून ‘मला लागू पडत नाही’ असा निष्कर्ष काढणे म्हणजे दोन दिवस गोळ्या घेऊन औषध बदलण्यासारखे आहे.

आणि त्या चार सिटिंग पडल्या केव्हा, तर नवरात्रात व त्याच्या आगे-मागे. आपण उपवास केलात की नाही हे लिहिलेले नाही, परंतु कोल्हापुरात अंबाबाईच्या पायाशी राहणाऱ्या घरात नवरात्राचे नऊ दिवस नेहमीसारखे जेवण होत असेल असे मी गृहीत धरत नाही. जेवणाची वेळ टळणे, पहाटे उठून दर्शनाच्या रांगेत उभे राहणे, अपुरी झोप आणि उपवासाच्या दिवशी चहावर चहा, ही सगळी अर्धशिशी चेतवणारी कारणे आहेत. उपचार आणि चेतवणारी कारणे एकाच वेळी चालू असतील तर सुयांनी जे कमावले ते उपवासाने गमावले, असेही झाले असू शकते. शिवाय आपले वय ४४ आहे. रजोनिवृत्तीच्या आधीच्या वर्षांत संप्रेरके वर-खाली होतात आणि अनेक स्त्रियांची अर्धशिशी त्या काळात वाढते. वेदनाशामक गोळ्यांचाही हिशेब ठेवावा, कारण साधी गोळी महिन्यातून १५ किंवा त्याहून अधिक दिवस आणि मिश्र गोळी १० किंवा त्याहून अधिक दिवस सतत घेतली जाऊ लागली, तर त्या गोळीमुळेच डोके दुखू लागते. त्या स्थितीत कोणतीही पद्धत अपुरी पडते. आपण अजून त्या रेषेच्या अलीकडे आहात, तेथेच राहावे.

ॲक्युपंक्चर ज्यातून आले त्या चिनी वैद्यकाचे स्वतःचे उत्तर काय असते, हेही सांगितले पाहिजे, कारण नुसत्या चाचण्यांच्या आकड्यांनी त्या परंपरेला न्याय मिळत नाही. त्यांच्या मते ‘डोकेदुखी’ हे एकच दुखणे नसते. नाडी, जीभ, झोप, पचन आणि मनाची अवस्था पाहून ते रुग्णाचा ‘नमुना’ ठरवतात, आणि त्या नमुन्यावर बिंदू व औषध ठरते. आपल्याकडे वैद्य प्रकृती आणि दोष पाहतात त्याच्या हे जवळ जाते, जरी दोन्हींची मांडणी वेगळी आहे. म्हणून त्या शास्त्रानुसार जाऊबाईंची आणि आपली तुलनाच होऊ शकत नाही, आणि आपल्याला आलेला अनुभव हा ‘प्रकृतीतली खोट’ न ठरता नमुना चुकीचा ओळखल्याचे लक्षण ठरतो. ऑस्ट्रेलियातील १९९८ च्या एका चाचणीत आतड्याच्या तक्रारीच्या ११६ रुग्णांना ठरावीक चिनी औषध, प्रत्येकासाठी वेगळे बेतलेले औषध किंवा प्लासिबो, म्हणजे नुसते दिसायला औषध, दिले होते. उपचार चालू असताना दोन्ही औषधांनी प्लासिबोपेक्षा अधिक गुण आला, मात्र औषध थांबवल्यावर १४ आठवड्यांनी तो टिकला तो वेगळे बेतलेले औषध घेणाऱ्यांतच. याची दुसरी बाजूही आहे. दुसऱ्या एका अभ्यासात संधिवाताच्या एकाच गटातल्या रुग्णांना तीन चिनी वैद्यांनी स्वतंत्रपणे तपासले, तेव्हा त्यांच्या निदानांत एक-तृतीयांशही एकमत झाले नाही. म्हणजे नमुना अचूक ओळखणे महत्त्वाचे आणि नेमके तेच अवघड. आपल्या तज्ज्ञांनी आपला नमुना काय ठरवला, हे त्यांना विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

आता पुड्या. येथे मी थोडा अधिक वेळ घेणार आहे, कारण सुयांनी गुण आला नाही तर नुकसान वेळेचे आणि पैशांचे होते, पुड्यांचे तसे नाही.

वनस्पतींच्या औषधाचा गुण ती कोठे उगवली, केव्हा काढली आणि कशी तयार केली यांवर ठरतो. चिनी परंपरेत विशिष्ट प्रदेशातल्या वनस्पतीलाच अस्सल मानतात. कोल्हापूरकरांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. ज्यांनी शाहू मार्केट यार्डातले गुळाचे सौदे पाहिले आहेत त्यांना ठाऊक असते, की ‘कोल्हापुरी’ असा शिक्का असलेली प्रत्येक ढेप आपल्या गुऱ्हाळातून आलेली नसते. तयार करण्याची रीत तर त्याहून महत्त्वाची असते. चीनच्या थू योयो यांना २०१५ साली ज्या मलेरियाच्या औषधासाठी नोबेल पारितोषिक मिळाले, त्या औषधाची वनस्पती चिनी ग्रंथांत शतकानुशतके होती. पण उष्णतेने काढलेला अर्क भरवशाचा ठरत नव्हता. चौथ्या शतकातल्या ग्रंथात ती मूठभर वनस्पती पाण्यात भिजवून, पिळून रस प्यावा असे लिहिले होते, त्यात उकळण्याचा उल्लेख नव्हता. त्यावरून त्यांनी कमी तापमानाला अर्क काढला आणि तो लागू पडला. बचनागाचे उलटे आहे. त्याच्या जातीचे मूळ चिनी औषधांत वापरतात, पण दीर्घकाळ उकळून विष उतरवल्यावरच. आपल्या वैद्यांची शोधनाची रीत आठवावी. इतके सगळे नीट जुळले तरी घेणाऱ्याचे आतडे उरतेच. जिनसेंगसारख्या मुळांतली काही द्रव्ये आतड्यातल्या जिवाणूंनी फोडल्यावरच शरीरात नीट शोषली जातात, आणि ते जिवाणू दोन माणसांचे सारखे नसतात. म्हणून एकच काढा दोन जावांना वेगवेगळा लागू पडू शकतो आणि त्यात कुणाचाच दोष नसतो.

मात्र आपल्या पुडीत काय आहे, हेच आपल्याला वाचता येत नाही. डोकेदुखीवरचा एक प्रसिद्ध जुना चिनी पाठ चूर्णाच्या रूपात विकला जातो आणि चहाच्या अनुपानाने घेतला जातो. आपल्या पुड्या त्याच पाठाच्या आहेत असा माझा दावा नाही, पण त्या पाठात ज्येष्ठमध असतो आणि ‘शीशिन’ नावाची वनस्पती असते. ज्येष्ठमध घसा धरल्यावर चघळणे वेगळे आणि दिवसेंदिवस औषध म्हणून घेणे वेगळे. तसा घेतल्यास त्याने रक्तदाब वाढतो आणि शरीरातले पोटॅशियम कमी होते, आणि आपण रक्तदाबाच्या रुग्ण आहात. शीशिन ज्या कुळातली आहे त्या कुळातल्या वनस्पतींत मूत्रपिंडाला घातक असे ॲरिस्टोलोकिक आम्ल आढळते. बेल्जियममध्ये १९९०-९२ च्या सुमारास वजन कमी करण्याच्या औषधात एका निरुपद्रवी चिनी वनस्पतीऐवजी जवळजवळ त्याच नावाची, पण या कुळातली दुसरी वनस्पती मिसळली गेली. शंभराहून अधिक स्त्रियांची मूत्रपिंडे बिघडली आणि त्यांतल्या अनेकींवर डायलिसिसची किंवा प्रत्यारोपणाची वेळ आली. तेव्हा मावसभावाचे मन मोडेल याची काळजी न करता पुड्या घेऊ नयेत, आणि घरात रक्त पातळ ठेवण्याची गोळी घेणारे कुणी असेल तर त्यांनाही देऊ नयेत.

पुढे जावे की थांबावे, याचे माझे उत्तर असे आहे. आधी एक महिना काहीही न बदलता एका वहीत तारीखवार नोंद करावी : डोके दुखले का, किती तास, गोळी घेतली का, जेवण टळले का, झोप किती झाली, पाळीचा दिवस कोणता. ती वही घेऊन प्रथम आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जावे आणि रक्तदाबाची गोळी कोणती चालू आहे ते विचारावे. रक्तदाबासाठीच्या काही गोळ्या, उदाहरणार्थ प्रोप्रानोलॉल किंवा कँडेसार्टन, अर्धशिशीचे झटके रोखण्यासाठीही दिल्या जातात. आपल्या बाबतीत एका गोळीत दोन कामे होण्यासारखी असतील तर ते डॉक्टरच ठरवतील, आपण मनाने बदल करू नये. बारा वर्षांत प्रतिबंधक उपचार कधी झाला नसेल, तर मला याचे सुयांपेक्षा जास्त महत्त्व वाटते.

त्यानंतरही सुयांचा प्रयोग करायचा असेल तर तो पूर्ण करावा, म्हणजे सलग पाच ते आठ आठवड्यांत दहा सिटिंग, उपवासाचे दिवस टाळून. महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा आणि परिषद आहे, त्यामुळे नोंदणी दाखवा असे म्हणण्यात संकोच बाळगू नये. सुया प्रत्येक वेळी नव्या, सीलबंद पाकिटातून काढलेल्या असाव्यात. तज्ज्ञ तेच असावेत की दुसरे, हे आपण ठरवावे. मी असतो तर एकदा त्यांच्यासमोर वही ठेवून पाहिली असती, आणि त्यांनी ती वाचण्याऐवजी पुन्हा विश्वासाचा विषय काढला असता तर दुसरीकडे गेलो असतो. दहा सिटिंगनंतर डोकेदुखीचे दिवस आणि गोळ्या दोन्ही तसेच राहिले, तर थांबावे.

एक अपवाद लक्षात ठेवावा. डोके अचानक, आजवर कधी दुखले नाही इतके दुखू लागले, बोलणे अडखळले, हात-पाय लुळा पडला, दृष्टी गेली किंवा तापासोबत मान ताठ झाली, तर वही, सुया आणि हा सल्ला सगळे बाजूला ठेवून त्याच घटकेला छत्रपती प्रमिलाराजे (सीपीआर) रुग्णालयात किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयात जावे.

जाऊबाईंचे रंकाळ्यावरचे फिरणे मात्र चालू राहू द्यावे, आणि सकाळी झेपत असेल तर आपणही त्यांच्यासोबत निघावे. नियमित चालण्याने अर्धशिशीचे दिवस कमी झालेले मी पाहिले आहेत. जाण्यापूर्वी काहीतरी खाऊन घ्यावे.